खविसला खच्ची करण्याबाबत

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (तो उभ्यानेच घातला आहे. गुडघा अजून नीट वाकत नाही. तुझ्या बोकडाने मला ज्या बाजूने उडवलं होतं, त्याच बाजूचा गुडघा.) तुझा रक्तदाब काय म्हणतो? गोळ्या रोज घेतेस, की डबी रिकामी झाली म्हणजे आजार संपला असं अजूनही समजतेस? मी ठीक आहे. इथली हवा कोरडी आहे, जेवण बेताचं आहे आणि मी काय उजेड पाडते आहे ते पुढे येईलच.

तुझं पत्र मिळालं. खविसने शेजारच्या वकीलबाईंचा पडदा खिडकीतून ओढून खाल्ला, हे वाचून वाईट वाटलं. (पडदा कोणता? तो मोठ्या फुलांचा असेल तर फारसं वाईट वाटलं नाही.) त्याच्या वासामुळे लोक वळसा घालून जातात, गुरांचे डॉक्टर म्हणतात खच्ची केला की गरीब होईल, येत्या आठवड्यात ते येणार आहेत, आणि मी त्यातली शिकलेली असल्यामुळे ‘काय ते कळव’ असं तू लिहिलंस. त्याला कुणाला देऊन मात्र टाकायचा नाही, काका गेल्यापासून घरात आवाज करणारा तो एकटाच आहे, हेही लिहिलंस आणि त्याखाली रेघ मारलीस. प्रश्न दोन ओळींचा आहे. पण दोन ओळींत उत्तर देण्याची सवय आमच्या संशोधन केंद्रात कुणालाच नाही, मलाही राहिलेली नाही.

मी काय काम करते हे कुणी विचारलं की तू ‘ती शेळ्यांची लग्नं जुळवते’ असं सांगतेस. फारसं चूक नाही. फक्त जुळवण्यापेक्षा मोडण्याचंच काम जास्त. कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाची नात, हे बघून जवळच्या नात्यात संबंध होऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठी मला पगार मिळतो. आमच्याकडे जो कळप आहे तो बुटक्या, काळ्या, लोंबत्या कानांच्या शेळ्यांचा. काटेरी झुडपं खाऊन जगतात, पाणी कमी पितात, आजारी क्वचितच पडतात. पण दूध थोडं आणि अंगावर मांस त्याहून थोडं, म्हणून लोकांनी त्या पाळणं सोडून दिलं. आता ही जात आमच्याकडे आणि आमच्यासारख्याच आणखी एका केंद्रात, एवढीच काय ती उरली आहे. आम्ही दोघांनी माती खाल्ली तर जात संपली. (माती कशी खाल्ली ते आता सांगते.)

आमच्याकडे राजबिंडा नावाचा बोकड आहे. त्याला पाहिलंस तर तूही म्हणशील, काय रूप आहे! फाटकावर त्याचं चित्र आहे, कॅलेंडरवर फोटो आहे, आणि संचालकांनी त्याच्यासोबत काढलेला फोटो त्यांच्या टेबलावर, बायकोच्या फोटोच्या किंचित पुढे, ठेवलेला आहे. संचालकांचं म्हणणं असं की बाप देखणा असला की झालं. पूर्वीच्या काळी अशा विचाराला मर्यादा होती, कारण एक बोकड धावून धावून किती धावणार? आता तसं नाही. त्याचं वीर्य बारीक नळ्यांत भरून उणे तापमानाच्या टाकीत ठेवता येतं, आणि राजबिंडा आपल्या कप्प्यातून पाऊल बाहेर न टाकता पिढ्यान् पिढ्यांचा बाप होऊ शकतो. तसा तो झाला.

हे वीर्य गोळा करण्यासाठी एक लाकडी शेळी लागते. सुताराने चार पायांचा घोडा करून त्यावर कातडं ठोकून दिलं. राजबिंड्याचा त्या घोड्यावर जीव जडला. खरी शेळी समोर आणली तर, अर्ज घेऊन आलेल्या माणसाकडे आमचे हेडक्लार्क बघतात, तसा तो बघायचा. मध्यंतरी घोड्याचा एक पाय मोडला आणि घोडा सुताराकडे गेला, तर या गृहस्थांनी चारा सोडला. शेवटी मोडका घोडाच परत आणला, आणि चौथ्या पायाच्या जागी मी खाली बसून तो धरून ठेवला. नेमके त्याच वेळी संचालक पाहुण्यांना घेऊन आले. ‘या आमच्या शास्त्रज्ञ,’ असं त्यांनी सांगितलं. पाहुण्यांनी वाकून नमस्कार केला. माझे हात मोकळे नव्हते. एवढं शिकून काय केलंस असं तू मला अधूनमधून विचारतेस, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

आता त्या दुसऱ्या केंद्राचं. कळपात बाहेरचं रक्त यावं म्हणून आम्ही त्यांच्याशी टाक्यांची अदलाबदल करत होतो. ते त्यांच्या बोकडांच्या नळ्या आम्हाला द्यायचे, आम्ही आमच्या त्यांना. चहा, बिस्किटं, दोन्ही संचालकांची ‘नव्या रक्ता’वर भाषणं, आणि टाकी मधे ठेवून फोटो. असं कित्येक वर्षं चाललं. मग प्रयोगशाळेतल्या माझ्या मैत्रिणीने दोन्हीकडच्या सगळ्या नरांचे मुळासकट उपटलेले केस घेऊन आनुवंशिक तपासणी केली. निष्कर्ष वाचून ती आधी खूप हसली आणि मग तिने तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्या केंद्राने कळप सुरू केला तोच मुळी आम्ही भेट दिलेल्या टाकीवर. त्यांचे सगळे बोकड राजबिंड्याचे मुलगे आणि नातू. म्हणजे आम्ही त्यांना राजबिंडा देत होतो आणि ते आम्हाला, समारंभपूर्वक, राजबिंडाच परत करत होते. लग्नात आलेला काचेचा सेट कसा सगळ्या नातेवाइकांत फिरून, खोकं न उघडता, आपल्याच घरी येतो, तसं.

याचा परिणाम हसण्यासारखा नाही, आत्या. शेळ्या गाभण राहत नाहीत. राहिल्या तर करडं अशक्त होतात, काहींचा खालचा जबडा इतका आखूड की त्यांना आचळ धरता येत नाही. सगळी एकाच साच्यातली असल्यामुळे उद्या एखादी साथ आली तर एकाला मारेल ती सगळ्यांना मारेल. मागच्या महिन्यात एक करडू माझ्या मांडीवर गेलं. मी त्याला बाटलीने पाजत होते आणि ते प्यायचा प्रयत्न करता करताच थांबलं. त्या दिवशी मला फार रडू आलं. वरच्या समितीने कळवलं आहे की या हंगामात नात्याबाहेरचा नर मिळाला तर ठीक, नाहीतर कळप मोडायचा. यावर संचालकांनी बैठक घेतली आणि राजबिंड्याचा नवा फोटो काढावा असं सुचवलं.

पण त्या तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली होती. एक नमुना कुणाशीच जुळत नव्हता. जात तीच, पण नातं शून्य. पाकिटावर नाव नाही, क्रमांक नाही. मैत्रीण म्हणाली, तू गोंधळ घातलास. संचालक म्हणाले, प्रयोगशाळेत मेंढी शिरली असेल. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. मी डोकं धरून बसले, आणि गुडघ्यातून एक कळ आली तेव्हा आठवलं. तुझ्याकडे आले होते तेव्हा खविसने मला धुण्याच्या दगडावर आपटलं. पडता पडता मी त्याची दाढी धरली आणि मूठभर केस हातात आले. आमच्या धंद्यातल्या माणसाला मुळासकट केस टाकवत नाहीत. खिशात नमुन्यांची पाकिटं होतीच, त्यातल्या एकात घातले, त्यावर लिहायला विसरले (तेव्हा मी ओरडत होते), आणि ते बाकीच्या पाकिटांबरोबर तपासणीला गेलं.

थोडक्यात, काकांनी रस्त्यावरून जाणाऱ्या एका कळपवाल्याकडून लंगडी म्हणून दया येऊन जी गाभण शेळी घेतली, तिच्याच पोटचा हा. राजबिंड्याशी काडीचाही संबंध नसलेला, या जातीचा आम्हाला माहीत असलेला एकमेव नर तुझ्या मागच्या अंगणात, वकीलबाईंचा पडदा पोटात घालून उभा आहे. मी त्याचा फोटो संचालकांना दाखवला. फाटका कान, डोळ्यात घुसू पाहणारं शिंग आणि ते दात पाहून त्यांनी टेबलावरचा राजबिंड्याचा फोटो जवळ ओढून घेतला. मग म्हणाले, ‘दुसरं कुणीच नाही का?’ नाही म्हटल्यावर, निदान बऱ्या बाजूने फोटो काढा, असं त्यांनी सांगितलं. बरी बाजू नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: खच्ची करू नये. तब्येतीला जप. वकीलबाईंना नवा पडदा मी देईन, साधा.

तुझी लाडकी (असं मी समजते),
भाची

ता. क. डॉक्टरांना आजच निरोप दे, येऊ नका म्हणून. आणि या हंगामापुरता खविस आम्हाला दे. कायमचा नाही. तू मारलेली रेघ मी पाहिली आहे.

ता. क. २. हे पत्र टपालाने आलेलं नाही. ते तुझ्या हातात दिलं तो आमचा ड्रायव्हर. सरळ मागितलं असतं तर तू सरळ नाही म्हणाली असतीस, म्हणून पत्र मुद्दाम लांबवलं. तू ते वाचते आहेस तेवढ्या वेळात तो आणि गोठ्यातला मदतनीस मागच्या अंगणात खविसला गाडीत चढवत आहेत. आता ओरडून उपयोग नाही. ओरडण्याचा आवाज आधीपासूनच येत असेल तर तो ड्रायव्हरचा आहे, कृपा करून जाऊन त्याला सोडव.

ता. क. ३. खविस त्यांच्याकडून चढणार नाही, हे गाडी पाठवतानाच मला माहीत होतं. तो फक्त तुझ्या मागे जातो. गाडीतली पुढची सीट तुझ्यासाठीच रिकामी ठेवायला सांगितली आहे. माझ्या शेजारची खोली झाडून घेतली आहे, खिडकी गोठ्याकडे उघडते, वास येईल. बोकडाचं मागणं मी चार कागद भरून लिहू शकले, पण तू तिथे एकटी राहतेस ते मला बघवत नाही, हे लिहायला मला तिसरा ता. क. लागला. गोळ्यांची डबी घे आणि बस.