फुंकणी आणि दोन डबे

लुइसटाउन, मोंटाना
जुलैचा पहिला रविवार

प्रिय लोरेटा,

आधी तुला चिडवून घेते, मग बाकीचं. ऑगस्टचा नेमबाजीचा सामना काही झालं तरी सोडायचा नाही, असं मी ठरवलं होतं. मग त्यासाठी काडतुसांत बंदुकीची दारू कुठली भरायची, तुझी अमेरिकन की माझी स्विस, याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायला बसले. गोळी तीच, गोळीला लावायची चरबी तीच, दोन्ही दारू तोलून भरलेल्या, आणि दर गोळीनंतर फुंकणीने नळीत फुंकणंही तेच. तुझ्या लाडक्या दारूच्या डब्यावर एवढी वर्षं तोंडसुख घेतलंय, म्हटलं आता पुरावाच गोळा करू.

तुझ्या दारूची काडतुसं आधी झाडली. पहिल्या दोन गोळ्या झकास, पुढच्या निघाल्या चरायला. मला कोण आनंद! बघा म्हटलं, हिच्या दारूची काजळी नळीत कशी दगडासारखी बसते. मग माझी भरली, तर तीही तश्शीच. एक गोळी कागदालाच लागली नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी वाऱ्याला बोल लावला, चरबीला लावला, काडतुसांच्या टोप्यांना लावला. शेजारचा गस हौगेन, चर्चच्या बँडमध्ये तो केवढा भोंगा वाजवतो ना, तोच, कुंपणावर रेलून बघत होता. म्हणतो कसा, "व्हर्नाबाई, तुम्ही नळीत फुंकताय की नुसता तिचा मुका घेताय?"

मेल्याला चांगलं फैलावर घेतलं, आणि फुंकणी त्याच्याच हातात दिली. प्रत्येक गोळीनंतर त्याने नळीत लांब, ओलसर श्वास सोडला, काजळी मऊ राहिली, आणि माझ्या सगळ्या गोळ्या कॉफीच्या बशीत मावतील इतक्या जवळ बसल्या. स्विसच्याही आणि तुझ्याही. फरक उगाच केसाएवढा, आणि सांगायला जिवावर येतंय, पण तो तुझ्या बाजूने.

दारू दोन्ही चांगल्या होत्या गं. माझा श्वासच पुरत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला. फुप्फुसं आखडत चाललीत म्हणाल्या, फुंकायचं बंद. म्हणजे माझी रायफलही बंदच. जिन्यात थांबायला लागायचं, तेव्हा मी बिचाऱ्या गुडघ्यांना शिव्या देत होते. रडले मी, खोटं कशाला सांगू? मरणाला नाही घाबरले. पण गवतात पालथं पडून लांब उभ्या केलेल्या निशाणाच्या लोखंडी मेंढ्यावर नेम धरायचा, आणि गोळी लागल्यावर तो 'टण्ण' कधी ऐकू येतो याची वाट बघायची, ते सुख संपलं म्हणून रडले.

तू इथे असतीस तर पहिल्या दिवशीच ओळखलं असतंस. दुर्बिणीला डोळा लावून माझ्यामागे बसायचीस आणि ओरडायचीस, "अर्धा हात डावीकडे, आणि फुंक नीट, घोडे!" मग मोतीबिंदूने तुझे मेंढे पुसट झाले, तू रायफल विकलीस आणि मुलाकडे ॲरिझोनाला गेलीस. तुझ्यानंतर माझी दुसऱ्या कुणाशी जोडी जमलीच नाही. नाही करमत गं तुझ्याशिवाय.

परवा फोनवर म्हणालीस, ऑपरेशन झाल्यापासून अंगणातल्या निवडुंगाचा काटा न् काटा दिसतो. म्हणून हे पत्र. सामन्याला आपल्या जोडीचं नाव देऊन आलेय, तुला न विचारता. चिडायचं तर इथे येऊन चीड. या वेळी रायफल माझी, पण पालथी पडणारी तू आणि फुंकणारीही तूच. दुर्बिणीमागे मी बसते. तुझ्यावर ओरडण्यापुरता श्वास अजून आहे माझ्यात. काडतुसं भरून झालीत, सगळी तुझ्याच दारूची.

वाट बघणारी, तुझीच घोडी,
व्हर्ना