एकशे अठरा

प्रिय बाळ,

परवा फोनवर तू जे जे बोललास ते सगळं मी नीट ऐकलं. तुला साखर निघाली, डॉक्टरांनी टाइप टू म्हणून सांगितलं आणि गोळी सुरू केली. तुझी बायको भांडून घरातून निघून गेली आहे आणि ती कुठे आहे ते सांगायला कोणी तयार नाही. मला तू दोन कामं सांगितलीस. एक, बाबांना मी काय खायला घालायचे ते सविस्तर लिहून पाठव. दोन, तिचा फोन आला तर तिला समजाव की साखर उतरली की माणसाचा स्वतःवर ताबा राहत नाही, बाबांचंही असंच व्हायचं, तेव्हा तिने मुकाट्याने परत यावं. मी नुसतं हूं हूं केलं. बोलायला लागले की मला रडू येतं आणि मुद्दा बाजूलाच राहतो, म्हणून लिहायला बसले.

पहिलं काम सोपं आहे. ताट लहान घे. मोठ्या ताटात थोडं वाढलं की उपाशी ठेवल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप पातेल्याकडे जातो. अर्ध्या ताटात भाजी, बटाटा सोडून. उरलेल्या अर्ध्यात मुठीएवढा भात किंवा पाव, आणि बाकी डाळ, अंडं, मासा, घरात असेल ते. फळ चावून खा, रस काढून पिऊ नकोस. चहातली साखर एकदम बंद कर, थोडी थोडी कमी करत बसू नकोस. तुझे बाबा घरी अर्धा चमचा कमी करायचे आणि गॅरेजमधल्या चहावाल्याकडून तो वसूल करून यायचे. जेवणाची वेळ चुकवू नकोस, आणि जेवलास की लगेच आडवा होऊ नकोस, चालून ये.

रक्त तपासायचं ते सकाळी, तोंडात काही घालायच्या आधी. डॉक्टर म्हणतील तेव्हा जेवणानंतर दोन तासांनीही. आधी हात साबणाने धुऊन कोरडे कर. बाबांनी एकदा संत्रं सोललेलं बोट तसंच पुढे केलं आणि मशीनने अडीचशे दाखवले, त्यावरून त्यांनी दिवसभर घर डोक्यावर घेतलं. सुई बोटाच्या कडेला टोच, मधोमध फार दुखतं, आणि रोज बोट बदल. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढण्यात त्यांचा जन्म गेला, बोटांची कातडी अशी जाड झालेली की सुई आतच जायची नाही. आणि एवढा दांडगा माणूस, सुई दिसली की भिंतीकडे तोंड करायचा. मला हसू यायचं, पण ते दाखवायची सोय नव्हती.

आता दुसरं काम. साखर खरोखर उतरते तेव्हा काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस, तू तेव्हा नोकरीसाठी बाहेर होतास. बाबांची गोळी साखर खाली ओढणारी होती, आणि एका दुपारी ते न जेवता गाडीखाली पडून काम करत राहिले. घरी आले ते घामाने निथळत. शर्टाचं बटण काढायला गेले तर बटणच सापडेना. मला आई म्हणून हाक मारली. मी साखरपाणी पुढे केलं तर शिव्या देऊन ढकललं, पेला फुटला, पण त्या ढकलण्यात जोर म्हणून नव्हता. मशीनने दाखवले बावन्न. मी मानेखाली हात घालून दुसरा पेला पाजला, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बोट टोचलं, आकडा वर आला तेव्हा कुठे मला श्वास घेता आला. झोपून उठल्यावर त्यांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं. साखर उतरणं म्हणतात ते हे, बाळा.

त्या दिवसापासून त्यांना सबब मिळाली. मारायचे ते आधीपासूनच, ते तुला मी सांगायला नको, तुझ्याही कानाखाली कमी बसलेल्या नाहीत. पण तेव्हा काहीतरी निमित्त लागायचं, माझं उलट उत्तर, माझं माहेर, भाजीतलं मीठ. आता एकच निमित्त सगळ्याला पुरायला लागलं. भात कमी वाढला की ताट माझ्या तोंडावर. एकदा उकळत्या डाळीचं पातेलं आलं, माझ्या मानेवरचा डाग त्याचा आहे, तुला मी वाफेने भाजलं म्हणून सांगितलं होतं. केस धरून माझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटायचे, आणि मग खुर्चीत बसून कपाळाला हात लावायचे की साखर उतरली होती गं. तुझी आत्या मान डोलवायची, शेजारीण मान डोलवायची. पण मी डोळे उघडे ठेवून मार खात होते. मारायच्या आधी ते उठून खिडकी लावायचे. मनगटावरचं घड्याळ काढून कपाटावर ठेवायचे, काच फुटू नये म्हणून. साखर उतरलेल्या माणसाला स्वतःचं बटण सापडत नाही, त्याला खिडकीची कडी बरी सापडते.

मग तो रविवार आला. दुपारी जेवायला बसले, भाताचा तेवढासा ढीग बघितला आणि उठले. खिडकी लावली, घड्याळ काढलं. माझा ओठ फाटला, खालचा दात तोंडातच सुटून आला, आणि मी पडल्यावर बरगडीत लाथ बसली. मग नेहमीसारखे खुर्चीत बसले आणि म्हणाले, साखर उतरली. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी भिंत धरून उठले, मशीन आणलं आणि म्हटलं, दाखवा बोट. त्यांनीही ऐटीत पुढे केलं. एकशे अठरा. म्हणाले, मशीन बिघडलंय. मी नवी पट्टी लावून माझं बोट टोचलं. ओठातून रक्त गळतच होतं, पण तपासणी रीतसर व्हायला हवी होती. माझी ब्याण्णव. मशीन चांगलं होतं.

त्यांनी कामाच्या पिशवीतून पत्रा ठोकायचा हातोडा काढला आणि मशीनचा चुरा केला. मग हातोडा टेबलावर टाकून माझ्या केसांना हात घातला. मी तो हातोडा उचलला आणि त्यांच्या हातावर घातला. मनगटाच्या जरा वर. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. ते किंचाळत खाली बसले आणि मी पुन्हा हातोडा उचलला. घातला नाही, पण घातला असता, आणि ते त्यांना माझ्या तोंडावर दिसलं. दवाखान्यात त्यांनीच सांगितलं की जॅक निसटला. तुलाही तेच कळवलं. प्लॅस्टर निघेपर्यंत मी त्यांना माझ्या हाताने भरवलं, नवं मशीन आणलं, रोज सकाळी बोट टोचलं. आणि गंमत बघ, त्यांची साखर त्यानंतर तशी कधी उतरलीच नाही. मरेपर्यंत नाही. हातोडा हे काही उत्तर नव्हे, मला कळतं. पण तेव्हा माझ्या बाजूने उभं राहणारं कोणी नव्हतं.

तुझ्या बायकोच्या बाजूने मी आहे. ती माझ्याकडे आली आहे. तुझा फोन आला तेव्हा ती माझ्यासमोरच बसली होती. तिचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारेने बांधलाय, मी सगळं पातळ करून नळीने पाजते आहे. दात आवळूनच बोलते, पण बोलली सगळं. तू आधी टीव्हीचा आवाज वाढवलास म्हणाली. तुझ्या गोळीचं नाव मी माझ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, ती एकटी घेतली तर साखर सहसा तशी खाली जातच नाही असं त्या म्हणाल्या. उद्या सकाळी आम्ही दोघी पोलीस स्टेशनला जाणार आहोत. तक्रार ती देईल आणि ती माझ्या दारात कशा अवस्थेत आली ते मी सांगेन, सहीनिशी. तुला हे आधी कळावं म्हणून तुझ्या मामाच्या हाती पत्र पाठवते आहे. तो फक्त पत्र देऊन परत फिरेल, त्याच्याशी हुज्जत घालू नकोस. इकडे येऊ नकोस, तिला शोधायला तर मुळीच नको, दार मी उघडणार नाही. तू माझा एकुलता एक आहेस. पोलीस न्यायला येतील तेव्हा कोणावर हात उचलू नकोस. गोळ्या, मशीन, पट्ट्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत भरून ठेव, आणि आत गेल्या गेल्या सांग की मला साखर आहे, नाहीतर ते तुला जेवण वेळेवर देणार नाहीत.

तुझीच, अजूनही,
आई