साडेबारा फुटांचं दार

नाना, शेडच्या दाराची उंची मी ताईला चुकीची सांगितली. साडेबारा फूट आहे, मी साडेदहा सांगितली. चुकून नाही. टेप हातात होती, पट्टीवरचा आकडा दिसत होता, आणि मी फोनवर दुसराच बोलले.

झालं असं की ताईने मोटरहोम घेतली आहे. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. आत पलंग, ओटा, बेसिन, छोटी न्हाणी. लांबी पंचवीस फूट, आणि टपावरच्या एसीसकट उंची अकरा फूट दोन इंच. वर्षातले चार-पाच महिने ती आणि दाजी त्यात फिरतात आणि उरलेले महिने गाडी ठेवायची कुठे हा प्रश्न आहे. पुण्यात सोसायटीने नोटीस दिली. मग चाकणला ट्रकांच्या तळावर ठेवली तर कोणीतरी डिझेल काढून नेलं. उघड्यावर ठेवली की उन्हाने टपाच्या सांध्यांमधलं सीलंट तडकतं आणि पहिल्याच पावसात आतलं प्लायवूड फुगतं. त्यामुळे छप्पर हवंच. ताईने मला फोन केला. "तुला यातलं कळतं, तूच शोध. आपल्या शेडमध्ये नाही का बसणार?" शेडमध्ये आता माझं काम चालतं, पंपाच्या स्टार्टरची पॅनेल बनवायचं. पण अर्धं शेड रिकामं असतं. लांबी पुरते, रुंदी पुरते, वळायला समोर जागा आहे. गाडी न बसण्याचं एकच कारण देता आलं असतं, ते मी दिलं.

शेडच्या दाराचं माप ठरलं तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. मिरजगावात ऊन असं पडलंय की फॅब्रिकेटरचा लोखंडी गुण्या हातात धरवत नाही. टेपचं खालचं टोक मी धरलंय, वरचं त्याने. तो म्हणतो, मळणीयंत्राला दार साडेदहा फूट बास झालं. तुम्ही विडी विझवता आणि म्हणता, "साडेबारा कर. आमच्या थोरलीचं काय खरं न्हाई. लहानपणापासून म्हणती, बसमध्येच ऱ्हाणार. उद्या आली घेऊन, तर काय बाहेर उभी करायची?" तो हसला. तुम्हीही हसलात. पण मार्किंग साडेबारावर झालं आणि दोन फुटांचं जास्तीचं लोखंड आलं. ताई तेव्हा इथे नव्हतीच, कुठल्याशा डोंगरात होती. मी तुमच्या पायाशी बसून टेप जमिनीला टेकवून धरली होती. माझ्यासाठी त्या शेडमध्ये काय ठेवावं, हे तुमच्या मनात आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. मी तिथेच होते. जो तिथेच असतो त्याच्यासाठी दार उंच करावं लागत नाही.

म्हणजे मी ताईला जो आकडा सांगितला, तो मनाने बनवलेला नव्हता. तिच्यासाठी वाढवलेले दोन फूट मी काढून घेतले, एवढंच. एकदा मी अँगल दोन सूत कमी कापला तर तुम्ही चार माणसांत म्हणाला होतात, मापात पाप करू नये. त्यानंतर माझं माप चुकलेलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी तिच्यासाठी खरोखर जागा शोधली. तक्ता केला: दाराची उंची, वळायला जागा, वरून जाणाऱ्या तारांचा झोळ, उंदीर. कर्जतचं कापसाचं गोदाम हंगामात भरतं. कोंबड्यांच्या शेडच्या छपराची पाख आठ फुटांवर. कांदाचाळीत गाडी शिरते पण दाराच्या बाजूला माणूस उतरू शकत नाही. मंगल कार्यालयाच्या मागे पत्रा होता, पण तिथे लग्नाच्या दिवशी जनरेटर लागतो. सगळ्या ओळी मी दोनदा तपासल्या. त्या तक्त्यात खोटी ओळ एकच, सगळ्यात वरची, आपल्या शेडची.

शेवटी राहिली शनीच्या शिंगणापूरची आत्या. तिच्या घराशेजारी ट्रॅक्टरची पडवी आहे, उंच, तीन बाजूंनी बंद. ताई गाडी घेऊन आली, मी मागून मोटरसायकलवर. गाडी पडवीत अशी बसली की दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट उरलं. ताईने मला टाळी दिली. मग आत्या पदर खोचून गाडीत चढली आणि एकेक दार उघडून बघू लागली.

"ही काय, न्हानी?"

"हो आत्या."

"आन् चूल बी हाय. मंग ही गाडी कशाची, घर हाय ह्ये. घराला दार न्हाई चालत आमच्यात, तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"अगं, नंबरप्लेट आहे तिला. रस्त्यावर धावते."

"धावंल तवा धावंल. माज्या अंगनात हुबी ऱ्हायली की घरच. माज्या सोताच्या उंबऱ्याला पडदा आन् तुज्या घराला कुलूप? लोक म्हनतील, भाचीचा देवावर इस्वास न्हाई."

"मग रात्री कुत्री शिरली तर?"

"जावयाला बसव की राखनीला. तेवढाच उपेग त्याचा."

ताई हसता हसता माझ्याकडे वळली. "निघेल का गं दार?" मी बिजागऱ्या पाहिल्या. सहा बोल्ट. निघेल म्हटलं, पण रबरी सील पुन्हा तसं बसणार नाही, धूळ आणि पाणी आत जाणार. ताईने पायरीवर बसकण मारली. आत्याच्या मनाविरुद्ध ती कुलूप लावणार नव्हती, आणि दाराशिवाय गाडी ठेवण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा आत्या म्हणाली, "तुमच्या बापाचं शेड एवढं मोप उंच हाय, तितं काय झालं?"

मी पान्हा पुसत होते, तो पुसतच राहिले. उत्तर ताईने दिलं. "नाही गं आत्या, साडेदहाच आहे. हिनं मोजलंय." आत्याने माझ्याकडे पाहिलं. ते शेड उभं राहिलं तेव्हा नारळ तिनेच फोडला होता. "मोजलं आसंल," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. ताईने एकदाही म्हटलं नाही की चल, पुन्हा बघू. माझ्या मापावर तिचा तुमच्यापेक्षाही जास्त विश्वास आहे.

शेवटच्या वर्षी मी तुम्हाला तपासणीला नगरला नेत असे. येताना घोगरगावच्या पुढे तुम्हाला जरा बरं वाटायचं, आणि तुम्ही विचारायचात, "थोरली कुठवर पोचली?" मी मोबाईलमध्ये बघून सांगायचे. गावाचं नाव, इथून किती किलोमीटर. बरोबर सांगायचे.

ताई गाडी विकते आहे. परवा पुण्याहून गिऱ्हाईक येणार आहे. काल तिचा मेसेज आला, इतकी शोधाशोध माझ्यासाठी दुसऱ्या कोणी केली नसती. त्याखाली गाडीच्या खिडकीतून काढलेला एक फोटो, बाहेर नुसतं पाणी आणि पहाट. शेवटची ट्रिप, असं लिहिलंय. परवापर्यंत मी एक वाक्य बोलले तर गाडी तिच्याकडे राहील. कारणही विचारणार नाही ती, मला माहीत आहे. चुकलं असेल म्हणेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ती गाडी मला हवी असती, तर मी फोन केला असता, शेडमध्ये ती माझ्याजवळच उभी राहिली असती. मला ती नकोच आहे. ती तिच्याकडेही नको आहे.