अपवाद चौकटीत मावला नाही

४ जानेवारी
निर्णय झाला. पैसा नुसता वाढून उपयोग नाही, चांगल्या मार्गाने वाढला पाहिजे. बँकेतली ठेव मोडून हरित फंडात टाकणार. माहितीपत्रक तळटिपांसकट वाचलं. बॉयलरचं कामही मी असंच शिकलो, कोणाच्या पाया न पडता, जुनी पुस्तकं आणून.
ही म्हणाली, ठेव कन्येच्या फीची आहे, जूनअखेर लागेल. म्हटलं, भरून उरेल. म्हणाली, उरू नका देऊ, पुरू द्या.

९ जानेवारी
मेहुण्याला फंडाबद्दल समजावलं. त्याच्याकडे सिगारेट कंपनीचे शेअर्स आहेत. म्हणाला, भावोजी, मी ओढत नाही, तुम्ही ओढता. तुमच्या धुरावर माझा लाभांश येतो, कृपा असू द्या.
उत्तर देण्याच्या लायकीचं नव्हतं. सिगारेट आजपासून बंद.

१० जानेवारी
सिगारेट एकदम सोडणं प्रकृतीला घातक असतं, असं वाचलेलं आहे. कुठे, ते आठवत नाही.

२ फेब्रुवारी, दुपार
कापड रंगवायला जी वाफ लागते ती माझा बॉयलर देतो. आज गेजसमोर डोळे मिटून आवाज ऐकत होतो. प्रेशर मला आवाजावरून कळतं. सुपरवायझरला ती झोप वाटली. शिकलेली माणसं डोळ्यांवर फार विसंबतात.
माझ्यानंतरच्या पाळीचा जोडीदार मात्र खरोखर झोपतो. त्याचं तोंड उघडं असतं.

१८ फेब्रुवारी
फंड खाली. मेहुण्याचे शेअर्स वर. ही काही विचारत नाही, पण कांदा चिरताना सुरी पाटावर जरा जास्तच आपटते.

५ मार्च
फंडाने पैसे कुठे कुठे घातलेत ती यादी काढून वाचली. तिसऱ्या नंबरवर एक उद्योगसमूह, त्याचे कारखाने कोळशावर चालतात. म्हणजे हरित म्हणून माझ्या गळ्यात काळा बांधला. तडक फोन लावला.
फोनवरची मुलगी म्हणाली, काका, अशा कंपनीचे शेअर्स आपण विकले तर दुसरा कोणी घेणार, धूर काही थांबणार नाही. आत राहून मालकाच्या नात्याने सांगितलं तर त्यांना ऐकावं लागतं. पटलं. म्हणजे मी मालक. 'काका' तेवढं खटकलं.
समूहाचं नाव कुठेतरी पाहिलंय. गेल्या वर्षी कारखान्यात छत्र्या वाटल्या, त्यावर असंच काहीसं छापलंय. गेटवरच्या पाटीवर मात्र वेगळं आहे. मोठ्या कंपन्यांची नावं सगळी सारखीच. छत्री चांगली आहे, फक्त मिटत नाही.

२२ मार्च
फंडाचा ईमेल. त्या समूहाने कोळशाचे बॉयलर बंद करावेत का, आपलं मत कळवा. अखेर योग्य माणसाला विचारलं. जोडीदाराचं उघडं तोंड डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं:
'स्वानुभवाने सांगतो. कोळशाच्या बॉयलरपाशी माणूस बसवावा लागतो, आणि बसवलेला माणूस झोपतो. धूर वस्तीने खायचा आणि पगार त्याने. असे बॉयलर विनाविलंब बंद करावेत.'
पुढे एक वाक्य होतं: जो बॉयलर मन लावून काम करणाऱ्या, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या माणसाच्या ताब्यात आहे, तो याला अपवाद समजावा. ते उत्तराच्या चौकटीत मावलं नाही. सुज्ञांस सांगणे नलगे.
हिला वाचून दाखवलं. म्हणाली, आपलाही कोळशाचाच ना? म्हटलं, आपला वेगळा आहे.

१६ मे
फंड आणखी खाली. फीला कमी पडतील. तूर्त हिला सांगितलेलं नाही. तत्त्वाच्या माणसाने घरात उगाच काळजी पसरवू नये.

३ जून, संध्याकाळ
विश्वासघात.
दुपारी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं. हेड ऑफिसची बाई पडद्यावर चित्रं दाखवायला लागली. पहिल्याच चित्रावर छत्रीवरचं नाव. समूहाचे कोळशाचे सगळे बॉयलर बंद, आमच्यापासून सुरुवात. गॅसचा येणार, तो आपला आपण चालतो. मग म्हणाली, ही मागणी वरून आलेली नाही, सामान्य गुंतवणूकदारांची आहे. एका जागरूक गुंतवणूकदाराचे शब्द वाचते. वाचले. 'स्वानुभवाने सांगतो' पासून 'विनाविलंब' पर्यंत. नाव वाचलं नाही.
वाचन चांगलं केलं. 'खायचा' नंतर थांबायला हवं होतं.
सुपरवायझर माझ्याकडे बघून म्हणाला, या माणसाने आपला बॉयलर पाहिलेला दिसतोय. जोडीदार कानाशी म्हणाला, कोण हा दीडशहाणा, सापडला तर भट्टीत घालू. मी म्हटलं, घालू.

४ जून
गॅसच्या बॉयलरवर एकच माणूस ठेवणार. जोडीदार राहिला. त्याने गुपचूप गॅस बॉयलरच्या पॅनेलचा कोर्स केला होता. माझ्याकडे ते सर्टिफिकेट नाही. आता तो निर्धास्त झोपेल, प्रदूषण न करता.

५ जून
फंडाला फोन. तीच मुलगी. म्हटलं, मी त्या कारखान्यात कामाला आहे. म्हणाली, अय्या, मग तर तुम्ही दोन्ही बाजूंनी आमचे. अपवादाच्या वाक्याचं सांगितलं. म्हणाली, काका, बाकीच्यांनीही तसंच लिहिलंय, बॉयलर बंद करा, फक्त आमच्याकडचा नको.
आत राहून मालकाच्या नात्याने सांगितलं, ते ऐकलं गेलं. माझं सोडून सगळ्यांचं भलं झालं.

२७ जून
बॉयलर बंद होण्याच्या बातमीने समूहाचा शेअर चढला, फंड चढला. फी भरून थोडे उरले. मेहुण्याचा फोन. म्हणाला, भावोजी, तुम्हाला काढल्याबद्दल तुमचं अभिनंदन.
ही हसली नाही. ते जास्त लागलं. म्हणाली, पुरले, त्याबद्दल काही म्हणत नाही. पण त्या दिवशी मी विचारलं होतं.

३० जून
शेवटचा दिवस. आग विझवली, राख काढली. गेजची काच पुसली, गरज नव्हती तरी. आवाज हळूहळू बसत गेला. या वेळी डोळे उघडे होते. छत्री परत मागितली नाही.

८ जुलै, सकाळ
घरी. हिने स्वयंपाकघरात बोलावलं आणि कुकरपाशी बसवलं. म्हणाली, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. म्हटलं, मोजायची गरज नाही, प्रेशर मला आवाजावरून कळतं. डोळे मिटून ऐकत होतो.
करपल्याचा वास हिला बाहेरच्या खोलीत आला.
रबर खराब असणार.