जिराफाच्या पायातली साखळी

आई, तुझ्या तापट लेकाचा नमस्कार.

मी मजेत आहे. संग्रहालयात दूरदेशच्या प्राण्यांची जुनी जलरंगचित्रं साफ करतो. काल जिराफावर ब्रश फिरवणार, तोच साहेब म्हणाले, "हात आवर, राजे! आधी टॉर्च आडवा धर." धरला, तर तिरप्या उजेडात कागदावर दबलेल्या रेघा उठल्या आणि जिराफाच्या पायात साखळी दिसली. चित्रकाराने पेन्सिलीने काढून नंतर खोडलेली.

खोलीवर येऊन तुझं पेन्सिलीचं पत्र तसंच टॉर्चच्या आडव्या उजेडात धरलं. "सगळं ठीक आहे"च्या खाली तू खोडलेलं वाचलं: "बाबा अंथरुणावर आहेत. सारखं तुझं नाव काढतात."

जिच्यापायी कॉलेज सोडलं, बाबांना नको ते बोललो, तिचं लग्नही झालं म्हणे. अजून आत तुटतं. पण बाबांवर राग उरला नाही. त्यांना सांग, शनिवारी येतोय.

आणि वरचं "मजेत आहे" खोडून वाच.

तुझाच,
भडकू