रोवळीखालचा पट

मालवण,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. जितेंद्र यास आईचे आशीर्वाद. तू मागितले नाहीस, तरी घे.

इकडे सर्व ठीक. सुकट यंदा बरी मिळाली. घरापुढच्या खळ्यात सुकत घातली आहे, त्याच खळ्यात, जिथे तुला पर्यटकांच्या खोल्या बांधायच्या होत्या. कावळे सोडले तर पर्यटक कोणी आले नाहीत. शेजारच्या आनंदीचा गुडघा दुखतो, तोंड दुखत नाही. माझी अक्षरं ओळीवरून घसरतील, तिकडे लक्ष देऊ नको. चौथी शिकलेली बाई किती सरळ लिहिणार.

तन्वी दिवाळीला येऊन गेली. तू पाठवलीस की तुझ्याशी भांडून आली, मी विचारलं नाही. लेक तुझी, हट्ट माझा, एवढं कळलं.

येताना तिने एक चपटी पाटी आणली. सोंगट्यांच्या कापडी पटाखाली सरकवली की प्रत्येक घराखाली बारीक दिवा. जुना मोबाइल पटाकडे तोंड करून उभा केला आणि म्हणाली, "आजी, दिवे मी नाही लावत, एजंट लावतात. एक सोंगट्यांवर लक्ष ठेवतो, दुसरा दिवे पेटवतो."

"एजंट? मेल्यांका माझा खळा होया आसतला!" मला एजंट ठाऊक ते जमिनीचे.

ती हसत सुटली. "माणसं नाहीत गं. मशीनची अक्कल."

"तुझ्या बापाशीपेक्षा बरी आसली म्हंजे झाला," मी म्हटलं आणि पटावर झाकलेली बांबूची रोवळी उचलली.

होय, तोच डाव. मांडलेला पट अर्धा उचलायचा नाही, ही तुझ्या वडिलांची रीत. ते अर्ध्या डावातून होडीवर गेले तर परत येईपर्यंत सोंगट्यांना कोणी हात लावत नसे. तू कवड्या टाकल्यास आणि चाल न करताच उठलास, "ह्या घरात परत पाय ठेवणार नाय" म्हणत. दोन गणेशचवथी झाल्या. कवड्या पडल्या तशाच आहेत. मी भोवतालचा केर काढते. गणपतीसुद्धा पलीकडच्या भिंतीला बसवला. आनंदी रोज म्हणते, "तुझो झिल जितू येणा नाय गो. उचल तो पट, मिरच्यो सुकवूक जागा होयत." मी म्हणते, "मिरच्यो तुझ्या डोक्यार सुकव."

दिवे लागले. तुझ्या बाजूला हिरवा. पाळी तुझी.

तन्वी म्हणाली, "बाबा येत नाहीत तर त्यांची चाल एजंट खेळेल. डाव संपेल, पटही उचलता येईल." हिरवं काहीतरी सरकत गेलं.

"खंय थांबला?"

"फुलीवर. तिथे सोंगटी मरत नाही ना, म्हणून."

मी जमिनीवर हात आपटला. "तेका सांग, जितू फुलीवर बसणारो न्हय! समोर माझी, आवशीची सोंगटी दिसली काय तो मारूकच जातलो. मगे आपली मेली तरी चलात. माझ्या झिलाची पाळी दुसऱ्याच्या अकलेन खेळूची नाय."

तन्वीने ते मोबाइलवर लिहिलं. दिवा माघारी आला. मोबाइलमधून बाईचा आवाज म्हणाला, "ठीक आहे. त्यांची वाट पाहू." एका सांगण्यात माझं ऐकणारं या घरात पहिलंच कोणी निघालं. तन्वी गेली, दिवा राहिला. वीज गेली की विझतो, आली की पुन्हा तुझ्याच बाजूला.

म्हातारी दिव्यांना भुलली, असं तुला वाटेल. भुलायला ते नीट दिसावे लागतात. सोंगट्या मी आता चाचपून ओळखते. तुझ्या एकीचं डोकं उडालंय, म्हणून बरं. बांगडे साफ करताना बोट कापलं तेव्हा आनंदीने मला ओढत ओरोसच्या इस्पितळात नेलं. पुढच्या सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाला, घरचं कोणीतरी आणा. मी म्हटलं, आनंदी आहे. तो म्हणाला, घरचं. मी विचारलं, डोळा माझा कापणार की घरच्यांचा?

त्यासाठी तुला बोलावत नाही, हे दोनदा वाच. खळंही मिळणार नाही. मी आहे तोवर तिथे सुकटच वाळेल.

फक्त एवढंच कळवायचं होतं. तो हिरवा डाग मला दारातूनसुद्धा दिसतो. बाकी घर धुरकट झालंय. माझी सोंगटी होती तिथेच आहे, तुझ्या माऱ्यात. वाचवायची असती तर केव्हाच सरकवली असती, बघायला कोण होतं?

ये आणि मार.

तुझी चाल होईपर्यंत पट न उचलणारी,
आई