उलट्या खाचांची सुई

३ जानेवारी

आले एकदाची भंडाऱ्याला! खोली झकास आहे. अंगणापलीकडे घरमालकीण शेवंताबाई, त्यांचा मुलगा अमर आणि सून मोना. कोशाच्या रेशमी साड्यांचं यांचं जुनं दुकान. अमर मात्र जवाहरनगरच्या कारखान्यात आहे, सकाळी बसने जातो. नागपुरात भावाच्या घरी मला कामाला एक टेबल मिळेना, इथे खिडकीसकट मिळालं. मोनाने आल्याआल्या पोपटीच्या शेंगांची भाजी आणून दिली आणि मी नक्की करते काय, हे खोदून खोदून विचारलं.

मग काय, माझी टकळी सुरू झाली. लोकरीचा गोळा घ्यायचा, बारीक खाचा असलेल्या सुईने टोचत राहायचं. टोचलं की लोकर आत दबते, घट्ट होते, आकार येतो. लोकांची गेलेली कुत्री-मांजरं मी अशी हुबेहूब करून देते. खरी गंमत शेवटी. उलट्या खाचांची सुई आत घालून ओढली की आतले तंतू बाहेर येतात आणि बाहुलीवर खऱ्यासारखी फर उगवते. मोना थक्क होऊन ऐकत होती. तिची वेणी कमरेखाली जाते, इतके दाट केस मी जाहिरातीतही पाहिले नाहीत.

सध्याची ऑर्डर नागपूरच्या एका बाईंचा पोमेरेनियन, फिका बदामी. लोकर कुरियरने येते आहे.

७ जानेवारी

लोकर येते आहे म्हणे. कुठून, हिमालयातून पायी? फिकी लोकर मिळाली, पण आतल्या गोळ्यासाठीची जाड लोकर कुरियरवाल्याने पत्ता सापडत नाही म्हणून परत पाठवली. त्याला पितळेच्या भांड्यांची अख्खी गल्ली सापडते, हे घर सापडत नाही! बाजारात सुया विचारल्या तर आधी शिलाई मशीनच्या दाखवल्या, मग क्रोशाच्या, शेवटी पोती शिवायचा दाभण. उशीतला कापूस वापरून पाहिला, तो दबतच नाही. नागपूरच्या बाई रोज फोन करतात. डोकं उठलंय.

माझी चिडचिड ऐकून मोना एक फुगलेली पिशवी घेऊन आली. आत तिचं गुंतवळ, विंचरताना निघालेले केस. सासूबाई ते केसांवर भांडी देणाऱ्यासाठी साठवतात. म्हणाली, "कापूस दबत नाही तर केसं घ्या ना ताई, कायले एवढं टेन्शन घेऊन राहिल्या?"

केस! मला कसं सुचलं नाही?

९ जानेवारी

केसांचा गोळा असा घट्ट बसलाय की ठोकला तर वाजेल. वरून बदामी लोकर चढवली. कान, मुस्काट, छाती, सगळं मनासारखं. दिवसभर टोचत होते.

शेवंताबाई पिशवी शोधत आल्या. मोनाने सांगून टाकलं तर त्या माझ्यावरच घसरल्या. बाईची केसं कोनाच्या हाती देऊ नये, करणी होते म्हणे. त्या फेरीवाल्याला स्टीलच्या पातेल्यासाठी दिले की करणी होत नाही वाटतं! मी हसले, त्या नाही हसल्या.

मोनाच्या अंगात सकाळपासून टोचल्यासारखं होतंय. थंडी असेल.

१२ जानेवारी

वैताग, वैताग, वैताग. उलटी सुई घातली तर बदामी फरमधून काळा केस आला. कापला. दुसरा आला. आतला गोळा उपसला जातोय हे कळतं मला, पण इतके लांब? वीतभर कुत्र्यातून हातभर केस! ओढून ओढून टेबलाखाली ढीग झाला, तरी कुत्रा तितकाच घट्ट. त्यात कुत्र्याच्या गळ्याशी साधी सुई मोडली. टोक आतच राहिलं, चिमट्याने सापडेना. संतापून सुई आदळली.

मोनाचे केस गळताहेत. दुपारपासून घास गिळता येत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. अंगणात तिळगूळ नाही, वाण नाही. मोनाला दवाखान्यात नेलं होतं. घशाच्या एक्स-रे फोटोत धातूचं बारीक टोक दिसतंय. दुर्बिणीतून पाहिलं तर काहीच नाही. काय गिळलंस, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते. ती मान हलवत राहिली.

अमरने तो फोटो मला दाखवला. तीन धारांचं टोक, एका धारेवर खाच.

खोलीत येऊन मी मोडकी सुई उजेडात धरली. तीच धार, तीच खाच.

१५ जानेवारी

खात्री करायची म्हणून कुत्र्याच्या कानाला सुई लावली. फक्त लावली. अंगणापलीकडून मोना किंचाळली.

मी बाहुली केली. तिच्या केसांची. आणि आठवडाभर टोचली — मी, शिकलेली, करणीवर हसणारी —

कात्रीने फाडून टोक काढावं म्हटलं. गळ्याला हात घालण्याआधी मागच्या पायाला जरा कात्री लावून पाहिली. शेवंताबाई ओरडत आल्या, "पोरीच्या पायातून रगत येऊन राहिलं!" मी कुत्रा त्यांच्यासमोर ठेवला. सगळं सांगितलं. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या, म्हणाल्या, "तूच घातलं न, आता तूच काढ. माझी मोना मले परत दे."

१६ जानेवारी, सकाळ

श्वास अडकतोय तिचा. नागपूरला न्यायला गाडी सांगितलीय, अजून आली नाही. टोक काढायचं तर उलटी सुईच. कुत्र्याच्या गळ्यातून हळूहळू ओढतेय. काळे केस, काळे केस. एकेका ओढीला मोना थोडा श्वास घेते, अमर पलीकडच्या दारातून हाताने सांगतो. मी थांबले की तिचा घसा बंद.

हात दुखतोय. असली दळभद्री कला शिकलेच कशाला!

दुपार

टोक वर येतंय. चिमट्याला लागलं, सुटलं. पुन्हा. मोना पाणी प्यायली, दोन घोट! शेवंताबाई रडताहेत.

नंतर

केस संपले. गोळा संपला. कुत्रा चोळामोळा झालाय, तरी टोक आतच.

पुन्हा ओढलं. खाचेत आलं ते लाल. ओलं. मी लाल लोकर आणलीच नव्हती —

कुत्रा घेऊन मी मोनाच्या खाटेशी धावले, तिने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, आवाज नाही. अमर ओरडतोय, थांबा ताई. शेवंताबाई माझा हात धरून म्हणताहेत, ओढ, थांबू नको, ती मरून राहिली —

सुई सोडली की श्वास बंद होतो. आता ओढली तर काय येईल ते माझ्या बोटांना कळतंय, ते गरम आहे, ते धडधड